गाडी वळेपर्यंत

मी एक बुटकं टेबल बोलतंय. उंची माणसाच्या गुडघ्याएवढी, पोटाखाली विजेची शेगडी, अंगावर जाड रजई. जपानमधल्या मात्सुमोतोच्या थंडीत माणसं माझ्याखाली पाय घालून बसतात, जेवतात, भांडतात आणि तिथेच लवंडतात. माणसाला एका जागी बसवून ठेवणं हाच माझा धंदा.

माझी मालकीण कुरामोचीबाई. नवरा गेल्यावर त्यांनी माडी भाड्याने दिली, तेव्हा मलाही वर धाडलं. भाडेकरू बेल्जियमचा, योरिस नावाचा. चित्रपटांचा संकलक, म्हणजे दुसऱ्यांनी चित्रित केलेल्यातलं नको ते कापणारा. नोकरी नाही, मिळेल ते काम घ्यायचं. आला होता तीन महिन्यांसाठी. पहिल्या आठवड्यात त्याने दाराच्या चौकटीवर चारदा डोकं आपटलं आणि चारही वेळा चौकटीची माफी मागितली. कुरामोचीबाईंना तो तिथेच आवडला.

त्याचं पहिलं मोठं काम म्हणजे बंद होणाऱ्या एका जुन्या पाहुणघरावरचा माहितीपट. जमला तर पुढची कामं, नाहीतर परतीचं विमान. निर्माते हाताकेयामा घरी आले. माझ्याखाली पाय घालून त्यांनी सगळा चित्रपट पाहिला, चहा संपवला आणि म्हणाले, "फारच मेहनत घेतलीत. विचार करून कळवतो."

योरिस धावतच खाली गेला. "काकू, आवडलं त्यांना. विचार करणार आहेत."

"मग सामान बांध. नाही म्हणाले ते."

"असं कुठे म्हणाले?"

"आणखी कसं म्हणणार? तुझा चहा प्यायले होते." बाई जिना चढून वर आल्या. "दाखव बघू, काय दिवे लावलेस ते."

चित्रपटाच्या शेवटी पाहुणघराची मालकीण शेवटच्या पाहुण्यांना निरोप द्यायला रस्त्यावर वाकते. तीन सेकंद, आणि अंधार.

"गाडी कुठे गेली?" बाईंनी विचारलं.

"कोणती गाडी?"

"पाहुण्यांची. अरे, गाडी वळणाआड जाईपर्यंत वाकून राहायचं असतं. त्याआधीच हिने मान वर केली?"

"नाही, मी कापलं. पुढे काही घडतच नाही."

"घडत नाही कसं? ती वाकलेली आहे ना."

योरिसने मूळ चित्रण काढलं. ती बाई एकेचाळीस सेकंद वाकलेली होती. मध्ये एकदा तिने गुडघा सावरला. गाडी वळली. मग ती सरळ झाली आणि रिकाम्या रस्त्याकडे बघत राहिली, कारण आता तिच्याकडे कोणीच येणार नव्हतं. कुरामोचीबाईंनी माझ्या रजईला डोळे पुसले. रजई धुऊन चार महिने झाले होते, पण तो विषय कोणी काढला नाही.

योरिसने एकेचाळीसच्या एकेचाळीस सेकंद ठेवले. हाताकेयामा पुन्हा आले, तेव्हा त्यांचा चहा गार झाला. "पुढच्या कामाला कधी लागता?" एवढंच त्यांनी विचारलं.

तीन महिन्यांची नऊ वर्षं झाली. भट्टी निवण्याची वाट बघणारा कुंभार, दीपगृहाचा रखवालदार, अशा थांबून राहणाऱ्या माणसांवरची कामं योरिसकडेच येऊ लागली. मायदेशातल्या मित्रांनी एकदा त्याला सायकल शर्यतीचा चित्रपट दिला होता. त्याने तो इतका निवांत केला की पुन्हा त्यांचा फोन आला नाही.

या वसंतात घर पाडायचं ठरलं. बाई मुलीकडे निघाल्या. योरिसची आई आता नावं विसरते, म्हणून तो तिच्याकडे गेंटला परत चालला. मला कोणाकडेच जागा नव्हती. माझ्या कपाळावर नगरपालिकेची टाकाऊ सामानाची चिठ्ठी चिकटवून मला फाटकापाशी ठेवण्यात आलं.

काल टॅक्सी आली. "येतो, काकू," योरिस म्हणाला.

"तिकडच्या चौकटी उंच असतील ना?" बाईंनी विचारलं.

टॅक्सी निघाली, तशा बाई वाकल्या. वय अठ्ठ्याहत्तर, कंबर कधीचीच कामातून गेलेली. टॅक्सी गल्लीच्या टोकाला सिग्नलच्या रांगेत अडकली. बाई वाकलेल्याच. त्यांनी एक हात माझ्यावर टेकला होता. मागच्या काचेतून योरिस हे बघत होता.

मग टॅक्सी एकाएकी रांग सोडून तांदळाच्या दुकानाशेजारच्या बोळात वळली आणि दिसेनाशी झाली.

बाई सरळ झाल्या. "स्टेशन तिकडे नाही," त्या म्हणाल्या. जरा वेळाने म्हणाल्या, "कापलं मेल्याने." त्या हसल्या, आणि मग माझ्यावर बसून बराच वेळ रडल्या.

माझी गाडी उद्या सकाळी यायची आहे. कचऱ्याच्या गाड्या या गल्लीतून फार सावकाश जातात, आणि बाई निरोपाला वाकल्याशिवाय राहायच्या नाहीत. ड्रायव्हरसाहेब, माझी एवढीच विनंती आहे. तांदळाच्या दुकानापाशी वळा.