जड गाडी

"अजून टोचते," बाई म्हणाल्या. कवळी तोंडातून काढून त्यांनी ती ट्रेमध्ये टाकली. ओठ आत गेल्यामुळे त्यांचं वय एकदम वाढलं आणि रागही जास्त दिसायला लागला. याच तक्रारीसाठी त्या पुन्हा पुन्हा येत होत्या, आणि आतल्या खोलीतून घासून आलेली कवळी दर वेळी नव्या जागी टोचत होती.

डॉक्टरांनी आत हाक मारली. "दातारकाका, जरा बाहेर या."

दातार हे त्यांचं आडनाव नव्हतं. दवाखान्याच्या मागच्या खोलीत बसून ते लोकांचे दात करत, म्हणून या डॉक्टरांच्या वडिलांनी, थोरल्या डॉक्टरांनी, थट्टेनं ते नाव ठेवलं होतं. लोकांना दात देतो तो दातार. थोरले गेले, खुर्चीवर मुलगी आली, पण नाव चिकटलं ते चिकटलंच.

दातारांनी कवळी उचलली आणि तिच्या काठावरून अंगठा फिरवला. काठ गुळगुळीत होता, आणि तसं त्यांनी सांगितलंही. मग डॉक्टरांनी आपला अंगठा फिरवला. तो एका जागी अडला.

त्यांनी दातारांना हात पुढे करायला लावला. बोटांची टोकं मेणासारखी पांढरी पडली होती. "भिंतीकडे बघा," त्या म्हणाल्या, "मी बोटाला सुई लावते, लागली की सांगा." दातार भिंतीकडे बघत उभे राहिले. थोड्या वेळानं म्हणाले, "लागली."

"मी अजून हात लावलेला नाही, काका."

खुर्चीतल्या बाई हसल्या. तोंडात दात नसताना माणूस हसतो तसं, सगळं तोंड उघडून.

डॉक्टरांनी ज्या तज्ज्ञाकडे पाठवलं त्यानं फार वेळ घेतला नाही. काम काय करता, विचारलं. कवळ्या घासायचं छोटं यंत्र दिवसभर हातात असतं, ते थरथरतं, हे ऐकून मान हलवली. गाडी कोणती चालवता, विचारलं. दातारांनी गाडीचं नाव सांगितल्यावर मात्र त्यानं पेन खाली ठेवलं. त्या जुन्या धुडाच्या हँडलला हात लावणं म्हणजे चालत्या गिरणीला मिठी मारणं, असं तो म्हणाला. यंत्र पोटासाठी आहे, ते सुटणार नाही. गाडी सोडा. बोटांतल्या नसा एकदा मेल्या की परत येत नाहीत.

दातार घरी आले आणि गाडीसमोर उभे राहिले.

त्या गाडीत अवगुण नव्हते असं म्हणायची सोय नव्हती. किक मारताना चुकलं तर ती पोटरीवर असा तडाखा द्यायची की माणूस आठवडाभर लंगडावा. इंजिनातून तेल गळायचं, म्हणून खाली कायम एक पसरट डबा ठेवलेला. तिच्या दिव्यात रस्ता दिसण्यापेक्षा रस्त्याला ती दिसायची. ब्रेक दाबणं म्हणजे अर्ज करण्यासारखं होतं. मंजुरी कधी येईल ते सांगता येत नसे. आरसे एवढे थरथरत की मागून एक माणूस येतोय की दोघं ते कळू नये. गल्लीत वळवायची तर खाली उतरून, ढकलून, घाम गाळून. बायको तिला म्हैस म्हणायची, आणि मेव्हण्यानं तर एकदा चारचौघांत विचारलं होतं की दूध किती देते.

दातारांकडे याचं उत्तर होतं, पण ते जेवणाच्या ताटावर बसून सांगण्यासारखं नव्हतं. जन्मभर त्यांनी श्वास रोखून काम केलं. श्वास सुटला की मेण हलतं, मेण हलतं म्हणजे दात हलतो. आणि एवढं करून चांगली कवळी कोणती, तर जिची माणसाला आठवणही राहत नाही ती. कोणाच्याही ध्यानात येऊ नये म्हणून ते दिवसभर राबत. संध्याकाळी त्या गाडीवर बसले की सीटखालून धडधड वर चढायची, पाठीच्या कण्यातून मानेपर्यंत, आणि दिवसभराचा अडकलेला श्वास आपोआप सुटायचा. नव्या गाड्या बटण दाबलं की चालू होतात. वर कोण बसलंय याचं त्यांना काही सोयरसुतक नसतं. ही आधी माणसाला ओळखायची, मग चालू व्हायची. तिला पळता येत नव्हतं आणि ती पळूही देत नव्हती. मांडीखाली एवढं वजन असलं की वारा, ट्रक, लोकांचं बोलणं, काहीच हलवत नाही. शरीरानं दातार किरकोळच होते. गाडीवर मात्र लोक वळून बघत.

बायको बस डेपोच्या चौकशी खिडकीवर होती. दिवसभर तीच तीच उत्तरं देऊन तिला घरी बोलायचा कंटाळा यायचा. तिनं तज्ज्ञाचं म्हणणं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, "मग विका."

"विकतो," दातार म्हणाले.

दोन दिवसांनी गाडी अंगणातून गेली. गॅरेजवाल्याकडे लावून आलोय, गिऱ्हाईक आलं की जाईल, असं त्यांनी घरी सांगितलं. गाडी गॅरेजवाल्याच्या मागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली होती, आणि ती विकायची आहे हे गॅरेजवाल्याला कोणी सांगितलेलंच नव्हतं. दातार पहाटे फिरायला म्हणून घराबाहेर पडू लागले. डॉक्टरांनी चालायला सांगितलंय म्हणाले. तलावाला वळसा घालून येईपर्यंत त्यांची बोटं पांढरीफटक पडत. मग गॅरेजच्या नळाखाली ती चोळायची, रंग आला की घरी जायचं. मन खायचं, पण दुसऱ्या दिवशी पहाटे पाय आपसूक शेडकडे वळायचे. हँडलवर त्यांनी जाड रबर चढवलं, हातमोजे घेतले. स्वतःची समजूत घालायला तेवढं पुरलं.

कामावर त्यांनी एक युक्ती काढली. बोटांना कळत नाही तर ओठांना कळतं. कवळी झाली की ती धुऊन ते तिचा काठ खालच्या ओठावरून फिरवत. बारीकसा कंगोराही ओठ चुकवत नसे. तक्रारी थांबल्या. मग एक दिवस डॉक्टर अचानक आत आल्या आणि पेशंटची कवळी दातारांच्या तोंडाशी बघून दारातच थांबल्या. त्या ओरडल्या नाहीत. हे पुन्हा दिसलं तर मला तुम्हाला ठेवता येणार नाही, एवढं म्हणाल्या आणि साबणानं हात धुवायला गेल्या, जणू कवळी त्यांच्याच तोंडात गेली होती.

याच सुमारास सासूबाईंचे उरलेले दात काढावे लागले. सासूबाई लेकीकडेच राहत. घरात गाडीची बाजू घेणारं ते एकच माणूस. एकदा दातार त्यांना गाडीवर मागे बसवून तलावापर्यंत घेऊन गेले होते. उतरल्यावर त्या म्हणाल्या होत्या, "अंगातली सगळी हाडं जागच्या जागी आहेत हे आज कळलं."

त्यांना सफरचंद खायचं होतं. किसून नाही, कापून नाही, अख्खं, चावून. जावई दातांचं काम करतो आणि मी बोळकं घेऊन फिरते, हे शोभतं का, असं त्या हसत म्हणायच्या. दातारांनी जीव ओतून कवळी केली. दातांचा रंग त्यांच्या जुन्या फोटोवरून ठरवला, समोरचा एक दात पूर्वीसारखाच जरासा तिरका बसवला. शेवटी काठ तपासायची वेळ आली. कवळी त्यांनी ओठांपर्यंत नेली. बाहेर डॉक्टरांच्या चपलांचा आवाज आला, तसा हात खाली आला. त्यांनी काठावरून अंगठा फिरवला. काठ गुळगुळीत होता.

घरी सगळ्यांसमोर सासूबाईंनी सफरचंदाचा चावा घेतला. कचकन आवाज झाला. मेव्हणासुद्धा आला होता, त्यालाही कौतुक करावं लागलं. "कशी बसली, आई?" दातारांनी विचारलं. सासूबाईंनी तोंडातला घास संपवला, डोळे पुसले आणि म्हणाल्या, "माझेच दात परत आल्यासारखं वाटतंय."

डोळ्यांतलं पाणी आनंदाचंच आहे असं सगळ्यांनी धरलं.

त्यानंतर त्या जरा कमी बोलू लागल्या. जेवायला सगळ्यांच्या मागून बसत. वेलचीचे दाणे तोंडात धरून असत. दातारांनी विचारलं की हसून मान हलवत, आणि ते घरात असेपर्यंत कवळी तोंडातून काढत नसत. त्यांना साखरेचा आजार होता. अशा माणसाची जखम किती दिवस उघडी राहू शकते हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, पण जखम आहे हेच कोणाला ठाऊक नव्हतं.

एका पहाटे बायकोला आईच्या उशीवर रक्त आणि पू दिसला. आई तापानं फणफणली होती, गाल कानापर्यंत सुजला होता. बायकोनं नवऱ्याला फोन लावला. तो नुसता वाजत राहिला. तिनं पुन्हा लावला. फिरायला गेलेला माणूस फोन का उचलत नाही ते तिला कळेना. शेवटी शेजाऱ्यांच्या गाडीतून तिनं आईला इस्पितळात नेलं.

फोन दातारांच्या खिशातच होता. सीटखालच्या धडधडीत छातीवरची थरथर कळत नाही. तलावाच्या काठाला थांबून त्यांनी तो पाहिला, आणि मग गॅरेजपर्यंत जाऊन, गाडी ठेवून, पायी निघण्याइतकं भान त्यांना राहिलं नाही. ते तसेच इस्पितळाकडे निघाले.

बायको वॉर्डात खाटेपाशी उभी होती. खिडकीखाली ती धडधड आली, थांबली. वॉर्डातल्या दोघातिघांनी कुतूहलानं खाली डोकावून बघितलं. तिला बघायची गरज नव्हती. ती धडधड ऐकतच तिचा संसार झाला होता.

दातार दारात आले तेव्हा माय-लेकी बोलत होत्या. सासूबाईंना तोंड उघडवत नव्हतं. शब्द फुटून, लाळेबरोबर बाहेर येत होते. लेक विचारत होती, इतके दिवस सोसलंस, एका शब्दानं सांगितलं का नाहीस.

"त्यांच्या हातची होती," सासूबाई म्हणाल्या. "सांगितलं असतं तर त्यांना कळलं असतं."

"काय कळलं असतं?"

"हात गेलेत ते."

दातार दारातच उभे राहिले. बायकोनं वळून त्यांच्याकडे बघितलं, मग त्यांच्या हातांकडे बघितलं. बोटं पांढरी होती. नळाखाली चोळायची राहून गेली होती.

हाडापर्यंत पू गेला होता. जबड्याचा डावीकडचा तुकडा काढावा लागला. सासूबाई वाचल्या. घरी आल्या तेव्हा चेहऱ्याची ती बाजू आत गेली होती, आणि त्या जबड्यावर आता कोणतीच कवळी बसणार नव्हती. जेवण म्हणजे वाटी आणि चमचा, गळ्यात टॉवेल. बोलणं लेकीला तेवढं समजायचं.

डॉक्टरांच्या कानावर सगळं गेलंच. त्यांनी दातारांना समोर बसवलं, चहा मागवला. कवळ्या आता मोठ्या शहरातून यंत्रावर करून येणार आहेत, असं त्यांनी सांगितलं. नमुने पाहिले, फार छान बसतात, काका. तुम्हाला मी काढणार नाही. तिकडे मापं नेऊन द्यायला आणि माल घेऊन यायला विश्वासाचं माणूस हवंच आहे. तुमच्याकडे गाडी आहेच.

दातारांनी घरी येऊन बायकोला सांगितलं की गाडी मोडीत देतो, बसनं ये-जा करतो, डेपो आपलाच आहे. बायको आईचा टॉवेल पिळत होती. तिनं तो झटकला, दोरीवर टाकला, चिमटे लावले.

"कशाला? चालवा की आता," ती म्हणाली. "आता जपायचं काय राहिलंय?"

तिचं संपलं नव्हतं.

"रोज चालवायची. आणि इथे दारात लावायची. मला आवाज आला पाहिजे."

तेव्हापासून ते रोज जातात. मागच्या पेटीत लोकांच्या तोंडांची मापं, येताना यंत्रानं केलेले दात. दात चांगले असतात, कोणी तक्रार करत नाही. मुख्य रस्त्यावर सिग्नलला तरुण मुलं शेजारी गाडी उभी करून विचारतात, काका, किती जुनी आहे, विकणार का. दातार मान हलवतात. सिग्नल सुटतो. हँडल हातात आहे की नाही हे त्यांना आता डोळ्यांनी बघावं लागतं. आणि कधीमधी, तलावाच्या बाजूच्या उतारावर, इंजिन हलक्या सुरात लागलं आणि रस्ता मोकळा असला, की धडधड कण्यातून मानेपर्यंत चढते आणि छातीतला श्वास पूर्वीसारखाच सुटतो. त्याची त्यांना इतकी लाज वाटते की ते लगेच वेग वाढवायला बघतात. गाडी वाढवत नाही.

सकाळी निघताना हेल्मेटच्या पट्ट्याची क्लिप त्यांना लागत नाही. खाच कुठे आहे, पट्टा कुठे आहे, बोटांना काही सापडत नाही. पहिल्या दिवशी ते दारात बराच वेळ खटपट करत होते. बायको आतून बघत होती, ती जागची हलली नाही. सासूबाई उठून आल्या.

आता रोज त्याच येतात. दातार खाली वाकतात. सासूबाईंचा चेहरा त्यांच्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर येतो, आत गेलेली बाजू उजेडाकडे असते. त्या पदर लावत नाहीत, मान फिरवत नाहीत, घाईही करत नाहीत. क्लिप लागल्याचा आवाज होईपर्यंत दातारांना तिथेच, तसंच वाकून उभं राहावं लागतं.