छबूबाईची अर्धी भिंत

इंदुताईंनी यमूच्या बोटाला सुई टोचली आणि रक्ताचा थेंब काचेच्या पट्टीवर पसरला. यमू रडलीसुद्धा नाही. तीन वर्षांची पोर, आईच्या खांद्यावर मान टाकून नुसती कुडकुडत होती. शालननं पदर तिच्याभोवती आणखी ओढून घेतला.

"गाव कुठलं, बाई?"

"मोशी."

इंदुताईंचा टाक थांबला. चिंचवडच्या या दवाखान्यातल्या तापाच्या रोग्यांचं रजिस्टर त्याच ठेवायच्या. हिवताप निघाला की नावापुढं लाल खूण. त्यांनी मागची पानं चाळली. गेल्या आश्विनात पानंच्या पानं लाल. मग या पावसाळ्याच्या तोंडावर फवारणीची माणसं गावोगाव फिरली, आणि आता सांगवीची एक खूण नाही, चिंचवडची नाही.

"फक्त मोशीच्या तीन. त्याही तुमच्याच आळीतल्या. हिची चौथी व्हायची. तुमची आळी चुकवली की काय त्यांनी?"

"न्हाई वं ताई. आमच्यात मारलं की औषध. पाळणा, भांडीकुंडी, समदं भाईर काढलं व्हतं मी."

"मग कळत नाही मला. डास भिंतीवर टेकला की त्या औषधानं मरतो. भिंतीला औषध आहे, तर तो जगतो कसा?"

शालनला काय ठाऊक? गाडीत बसल्यापासून तीही स्वतःला विचारत होती, आपल्याच घरात ताप कसा. तिनं दृष्ट काढली होती, पोरीला ओढ्याकडं फिरकू दिलं नव्हतं. फवारणीवाला म्हणाला होता, 'औषधाला हात लावू नका.' यमूला भिंत चाटायची खोड. म्हणून आठवड्याच्या आत शालननं पांढरी माती कालवली आणि सगळ्या भिंती अशा पोतारल्या, की औषधाचा एक ओघळ दिसू नये.

आणि समोरच्या छबूबाईची पाच पोरं! औषधानं डागाळलेल्या भिंतींना पाठ घासत दिवसभर हुंदडायची. छबूबाई वर हसायची, "तू एवढं जपतीस आन् ताप तुझ्याच दारात. माझ्या घरात यायची त्याला बी किळस वाटती बघ!"

"नावं वाचते, बघ ओळखीची आहेत का," इंदुताई म्हणाल्या. "सोपानरावांची नात. मारुतरावांचा धाकटा. आणि..."

"मंजुळाबाईचा नातू," शालन म्हणाली.

इंदुताईंनी मान वर केली. "तुला कसं ग ठाऊक?"

शालनला त्या तिन्ही घरांच्या भिंती आठवल्या. त्या घरांतही लहान पोरं होती. 'तुझ्यासारखा हात न्हाई कुनाचा,' म्हणत फवारणीनंतर तिथल्या बायकाही तिला पोतारायला बोलावायला आल्या होत्या. यमूच्या पाठीवरचा आपला हात तिनं उचलून पाहिला. नखांच्या कडेला पांढरी माती वाळली होती. आज सकाळचीच. दसऱ्याचं म्हणून छबूबाईनं पहिल्यांदाच बोलावलं होतं; अर्धी भिंत झाली आणि यमूला पुन्हा हुडहुडी भरली, तशी ती बादली तिथंच टाकून धावली होती. उरलेली भिंत छबूबाई स्वतः करायला घेणार होती.

"ताई," ती उठली, "गोळ्या द्या बिगीनं. मला छबूबाईकडं जायचंय, अर्ध्या भिंतीवरचं औषध अजून उघडं हाय."