भागाबाईच्या पाटल्या

माणसं किती निगरगट्ट असतात ते पाहायचं असेल तर लांब जाऊ नका, स्कॅनच्या खोलीत उभे राहा. नव्वदच्या आसपास मी जळगावात एका सेंटरवर सीटी स्कॅनचं मशीन चालवायचो. अमळनेरकडच्या एका खेड्यातून भागाबाई आपल्या सुनेला, प्रमिलाला, घेऊन आली. सोबत मुलगा अभिमन. पोरीचं डोकं कित्येक दिवस ठणकत होतं, उलट्या होत होत्या, आणि सासूचं एकच टुमणं, "बठ्ठं नाटक शे. कामनं नाव काढं का हिनं डोकं दुखस."

डोक्याचा स्कॅन म्हणजे अंगावर धातू नको. मी तसं सांगायचा अवकाश, सासूने पोरीच्या गळ्यातली मंगळसूत्राची पोत ओढून काढली. मग कानातले, केसांतल्या पिना, सगळं तिथल्या तिथं, परक्या माणसांसमोर. नाकातली चमकी निघेना, तर अशी पिरगाळली की रक्त आलं. पोरीने नाकाला पदर लावला.

तेव्हाचं मशीन संथ. एकेक चित्र घ्यायला काही सेकंद लागायचे आणि तेवढ्यात पेशंट हलला की चित्र पुसट यायचं. म्हणून डोकं धरायला घरचं कुणीतरी आत लागायचं. अभिमन दारातच शेपूट घालून उभा. शिशाचा जड एप्रन चढवून भागाबाई पुढं झाली. तिच्या दोन्ही मनगटांत चांदीच्या जाड पाटल्या.

"अक्का, पाटल्या काढा. धातू आडवा आला की चित्रावर पांढरे पट्टे उठतात. त्यांच्याखाली काय आहे ते देवालाही दिसत नाही."

"मना मालक जित्ता शे," ती फणकारली. "मी हात रिकामा करू का?"

आणि आत्ताच सुनेचा गळा मोकळा केला होता हिने, तिचा नवरा दारात धडधाकट उभा असताना! माझं डोकं फिरलं. मी डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी बाहेरच्या गर्दीकडे पाहिलं आणि म्हणाले, "चालू दे, बघू."

व्हायचं तेच झालं. प्रत्येक चित्रात डोक्याच्या आरपार पट्टे. डॉक्टर म्हणाले, "यावरून काहीच सांगता येत नाही. पाटल्या काढून पुन्हा स्कॅन करावा लागेल."

"म्हंजे काहीच निंघनं नही," भागाबाई मुलाला म्हणाली.

चित्र बिघडलंय म्हणजे डोकं चांगलं आहे असं नाही, हे मी घसा कोरडा होईपर्यंत सांगितलं. तिनं सुनेकडे बोट केलं. "हाईच हालनी व्हई!"

प्रमिला नाकाला पदर लावून बाकावर बसली होती. "भाऊ, मी जराबी हालेल नही," एवढंच ती मला म्हणाली. खरंच हलली नव्हती. तसलं ठणकणारं डोकं घेऊन दगडासारखी पडून राहिली होती. अभिमनने ते ऐकलं आणि आईकडे पाहिलं. आई उठली, मग तोही उठला. पट्टे उठलेली फिल्म पिशवीत घालून, पुन्हा स्कॅन न करताच तिघं निघून गेली.

कापूस वेचणीच्या दिवसांत अभिमन एकटाच आला. प्रमिला कशी आहे, मी विचारलं.

"कपाशीमा पडनी. उठनीच नही."

तिचा बाप पोलिसात गेला होता. आजारी पोरीला कामाला जुंपून मारली, म्हणत होता. अभिमनने पिशवीतून ती फिल्म काढून माझ्यापुढं धरली. त्याला त्या फिल्मवर डॉक्टरांची सही हवी होती. त्याच्या थोबाडात द्यावीशी वाटली मला.

"भाऊ, तुमना समोरच फोटो काढेल व्हता," तो अजिजीने म्हणाला. "त्यामा काहीच निंघेल नव्हतं, इतलंच सांगी द्या."