थडग्यात गेलेला आरसा

मित्रांनो, मी एक जुना काशाचा आरसा आहे. तोंड माझं काळवंडलंय, त्याला इलाज नाही. पण दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी, दूर समुद्रापलीकडच्या वेल्झना गावात सेथ्रे तांबटानं मला घासून असं लख्ख केलं होतं, की रावंथूच्या लग्नात लोक नवरीपेक्षा मलाच जास्त बघत होते!

माझ्या पाठीवर तीन देव आणि त्यांची नावं कोरली आहेत. सूत कातून झालं, की रावंथू आपल्या लेकीला, फास्तीला, मांडीवर घ्यायची आणि तिचं बोट उजवीकडून डावीकडे अक्षरांवरून फिरवायची.

"ही तुरान. नाव आपल्याच बोलीतलं. जी देते ती तुरान. ही मेनर्वा, हिचं नाव शेजारच्या लोकांकडून आलं. आणि हा आप्लू, ग्रीकांच्या गलबतातून उतरला."

"मग हे दोघं पाहुणे का गं, आई?"

"कसले पाहुणे! इतकी वर्षं आपल्याकडे जेवतात. घरचेच की."

पुढे रावंथू तापानं गेली. आमच्याकडे बाई गेली, की तिचा आरसा तिच्याबरोबर थडग्यात जातो. आधी त्याच्या चकचकीत तोंडावर 'सुथिना', म्हणजे 'थडग्याचा', असं कोरतात. मग जिवंत माणसानं त्यात बघायचं नाही. सेथ्रे छिन्नी घेऊन आला, तर मी जागेवर नाहीच! फास्तीनं मला लोकरीच्या टोपलीत दडवलं होतं.

"दे बघू, पोरी," सेथ्रे म्हणाला. "आईला रिकाम्या हातानं धाडतेस होय?"

"नाही देणार! आरसा गेला तर नावं कोण सांगणार मला?"

"मीच कोरली, पण म्हातारा झालो, विसरलो बघ. तूच सांग. डोळे मिटून हं!"

फास्तीनं डोळे मिटले. तुरान आपली. मेनर्वा शेजारची. आप्लू गलबतातला. एकही नाव चुकलं नाही. मग तिला रडू कोसळलं. नाक पुसत तिनं मला त्याच्या हाती दिलं.

"हळू कोर, काका. त्याला लागेल."

त्यानं हळूच कोरलं, आणि मी रावंथूबरोबर थडग्यात गेलो.

आता मी संग्रहालयात काचेआड आहे. ती बोली बोलणारं कुणी उरलं नाही. पंडित येतात, कुठलं नाव कुठून आलं यावर तावातावानं भांडतात. मित्रांनो, आरसे जपा, जरूर जपा. पण आईनं तुम्हाला काही सांगितलं असेल, तर ते आजच कुणाला तरी सांगा. फास्तीनं पुढे आपल्या लेकीला सांगितलं का, ते मला कधी कळलंच नाही. मी तेव्हा जमिनीखाली होतो.