अवघड बाई

डॉक्टर प्रेस्कॉट गोरापान, काटकुळा आणि इतका सज्जन, की बायकांना त्याची कीव यायची. अमेरिकेतल्या बर्मिंगहॅमच्या विद्यापीठात तो स्तनांच्या कर्करोगावर संशोधन करत होता. त्यासाठी त्याला अजून धडधाकट असलेल्या काळ्या बायका हव्या होत्या. वर्षातून एकदा छातीची तपासणी आणि थोडंसं रक्त, एवढंच काम. पण त्यांच्यापर्यंत पोचायचं तर आधी चर्चच्या तळघरात परीक्षा द्यावी लागे. तिथे त्याच्या सल्लागार बसायच्या, सगळ्या काळ्या आणि सगळ्या याच आजारातून उठलेल्या. त्यांच्यादेखत एका अवघड बाईला पटवून दाखवायचं, मगच बाकीच्यांच्या दारी जायचं.

अवघड बाईचं सोंग नेहमी त्यांच्यातली मिस ज्युएल घ्यायची. आज तिचा घसा बसला होता. तेवढ्यात दुसऱ्या एका सल्लागाराची, व्हर्नेटाची, थोरली बहीण अर्लीन केक पोचवायला आली.

"तूच बस अवघड बाई म्हणून," व्हर्नेटा म्हणाली.

"मला कुठे नाटकं येतात?"

"तुला काही वेगळं करायचंच नाहीये."

व्हर्नेटाचा जीव या बहिणीपायी टांगणीला लागला होता. आई याच आजाराने गेली, व्हर्नेटाचं एक स्तन गेलं, तरी अर्लीन एकदाही तपासून घ्यायला गेली नव्हती. परक्या बायकांना हाताला धरून दवाखान्यात नेणारी व्हर्नेटा सख्ख्या बहिणीपुढे मात्र हात टेकून बसली होती. विषय काढला रे काढला, की अर्लीनला गॅसवर ठेवलेलं दूध आठवायचं.

आज दूध घरी होतं आणि अर्लीन इथे, पर्स मांडीवर घेऊन.

"मिस अर्लीन," डॉक्टरने सुरुवात केली, "आमच्या अभ्यासात तुम्ही आलात तर..."

"बाळा, तुझ्या आईने केली का ही तपासणी?"

"मला... विचारावं लागेल."

"आधी तिला विचार, मग मला सांग."

बायका खाली माना घालून हसल्या. डॉक्टर घाम पुसत रक्ताच्या मुद्द्याकडे वळला.

"रक्त ठेवणार कुठे?"

"फ्रिजमध्ये."

"त्याची किल्ली कोणाकडे? आमच्या आजीच्या वेळी दवाखान्यात आमच्या बायकांच्या अंगातलं न विचारताच काय काय काढून घ्यायचे. तेव्हाही सगळे तुझ्यासारखंच गोड बोलायचे."

किल्लीचं डॉक्टरला ठाऊक नव्हतं. "हे विचारून या," मिस ज्युएल घोगऱ्या आवाजात म्हणाली. अर्लीनला आता चांगलाच रंग चढला. कामाचा दिवस, गुडघा, मशीनचा गारठा, तिने एकेक सबब काढली आणि डॉक्टर पार गळाठला.

व्हर्नेटाचं डोकं फिरलं. तिने त्याला खुर्चीवरून उठवलं आणि स्वतः बसली. "गुडघा राहू दे. ही बाई खरंच का येत नाही?"

अर्लीन पर्सची कडी उघडत-मिटत राहिली.

"या बाईची धाकटी बहीण आजारी होती," ती हळू म्हणाली. "ही दिवसा तिच्याजवळ बसून विनोद सांगायची आणि घरी जाऊन नळ सोडून रडायची. हिला वाटतं, आता हिच्यातही काही निघालं तर धाकटीला कोण सांभाळणार?"

व्हर्नेटाने खुर्ची पुढे ओढली.

"त्या बाईला सांग, धाकटी आता बरी आहे. ती थोरलीला सांभाळेल. फक्त सूप देणार नाही."

"का?"

"थोरलीच्या सुपाने धाकटीला औषधापेक्षा जास्त ओकाऱ्या झाल्या होत्या."

"माझ्या सुपाने?" अर्लीन नाटकच विसरली. "अगं, वाडगे चाटूनपुसून परत यायचे."

"कुत्रा चाटायचा. त्यालाही पुढे पुढे नको झालं."

मिस ज्युएलला हसता हसता ठसका लागला. अर्लीनने पर्सची कडी लावली. मग डॉक्टरकडे वळली.

"मंगळवारी सकाळी येते. ही बरोबर असेल. किल्ली ज्याच्याकडे असते तो माणूस मला समोर पाहिजे."

"म्हणजे मी पास?" डॉक्टरने विचारलं.

"नाही," सगळ्या एकदम म्हणाल्या.

केक कापला गेला. टेबलाखाली अर्लीनने व्हर्नेटाचा हात धरला होता. अर्लीनचा तळवा गार पडला होता. दोघींनी एकेका हातानेच केक खाल्ला आणि व्हर्नेटाने दुसरा तुकडाही मागून घेतला, कारण प्लेट रिकामी झाली की अर्लीन हात सोडेल अशी तिला भीती वाटत होती.