बाराची घंटा

"हा सूट आखडलाय," लोरेंझ पुटपुटला.

तळ्याकाठच्या ओल्या गवतावर तो पाठमोरा उभा होता आणि ओटिली त्याच्या पाठीवरची चेन दोन्ही हातांनी वर ओढत होती.

"अकरा महिने खुंटीला लटकलेला असतो, आखडायला त्याला वेळच वेळ," ती म्हणाली. "श्वास सोड. सोड म्हटलं, घेऊ नकोस."

"सोडला की बुडेन."

"काठावर कुणी बुडत नाही. हलू नकोस."

चेन खांद्यांच्या मधोमध अडली. ओटिलीने गुडघा त्याच्या कमरेला टेकवला, एका हाताने मानेखालचं मांस आत दाबलं आणि दुसऱ्याने चेन एका दमात वर नेली. मग कुणी बघत नाहीसं पाहून त्याच्या पाठीवर दोन थापट्या मारल्या, घोड्याला मारतात तशा. काळ्या रबरात कोंबलेला बहात्तर वर्षांचा नवरा मागून पाहिला तर पन्नाशीचा वाटतो, हे तिने त्याला कधीच सांगितलं नव्हतं. शेफारला असता.

"किती वाजले?"

"आठला पाच कमी."

घड्याळ तो बांधत नसे. पहिल्याच शर्यतीत मनगटावरचं घड्याळ तळाच्या चिखलात गेलं होतं. ते एखाद्या माशाने घातलं असेल, असं तो दरवर्षी म्हणे आणि दरवर्षी एकटाच हसे. आजही म्हणाला. ओटिली आज हसली. त्याने जरा चमकून तिच्याकडे पाहिलं आणि तो पाण्याकडे निघाला.

ओबरवाइहरच्या शर्यतीचा नियम गावातल्या पोराटोरांनाही पाठ होता. आठला माशांच्या तळ्यात उतरायचं. दीड किलोमीटर पोहणं, चाळीस किलोमीटर सायकल, दहा किलोमीटर धावणं, आणि बाराची घंटा व्हायच्या आत चर्चसमोरच्या चौकात परत. पहिल्या दहांसाठी आगीच्या बंबवाल्यांच्या हातात घड्याळ असे, बाकीच्यांसाठी घंटा. घंटेच्या आत जो आला त्याचं नाव खानावळीतल्या लाकडी पाटीवर चढे. दरवर्षी एक नवी पाटी. अशा एकतीस पाट्या भिंतीवर होत्या आणि एकतीसही पाट्यांवर न चुकता असलेलं नाव एकच होतं.

साठाव्या वाढदिवसाला, बिअरचा तिसरा मग हातात घेऊन, लोरेंझने सगळ्यांसमोर शपथ घेतली होती, "ज्या वर्षी पाटीवर माझं नाव नसेल, त्या वर्षी सायकल विकीन." लोक टाळ्या वाजवून मोकळे झाले. ओटिलीने मात्र टाळी वाजवली नव्हती. या माणसाने एका संध्याकाळी सिगारेट सोडली ती सोडलीच. बोललेला शब्द त्याने कधी गिळला नव्हता. आणि सायकलीशिवायचा लोरेंझ कसा असतो, ते तिने गुडघा दुखावला त्या हिवाळ्यात तीन आठवडे पाहिलं होतं. खिडकीशी बसून तो जाणारे ट्रॅक्टर मोजायचा आणि जेवायला हाक मारली की म्हणायचा, "आलोच." यायचा नाही.

चार वर्षांपूर्वी बारा वाजले तेव्हा लोरेंझचा पत्ता नव्हता. चर्चची घंटा तेव्हा बाल्थासर दोर ओढून वाजवी. त्या दिवशी तो दोर हातात धरून दारात उभा राहिला, कोपऱ्यावर नजर लावून. लोरेंझ चार मिनिटांनी आला, मग घंटा झाली. त्याचं नाव पाटीवर चढलं. पुढच्या वर्षी सात मिनिटं, त्याच्या पुढच्या वर्षी नऊ, आणि गेल्या वर्षी अकरा. चौकातला बँड तेवढा वेळ जरा जास्तच जोरात वाजत राहिला. बाराच्या घंटेला गावात घरोघरी बटाट्याचे गोळे उकळत्या पाण्यात सोडतात. त्या रविवारी मळलेले गोळे ताटकळले आणि अख्खं गाव अकरा मिनिटं उशिरा जेवलं. शेजारची मार्गा दुसऱ्या दिवशी कुंपणावरून एवढंच म्हणाली, "यंदाचे बटाटे जरा चिकट आहेत, नाही?"

मग या वसंतात घंटेला मोटार बसली. बाल्थासरचे खांदे गेले होते, म्हणून गावाने जत्रा भरवून पैसे जमवले आणि मोटार आणली. ओटिलीने स्वतः प्लमचे सहा केक भाजून दिले होते. बाल्थासरला खुर्चीत बसवून सत्कार झाला. शर्यतीची आठवण त्या दिवशी कुणालाच झाली नाही.

ती झाली परवा, शुक्रवारी. ओटिली फुलं घेऊन चर्चमध्ये गेली आणि बाल्थासरपाशी रेंगाळली.

"ही मोटार," ती म्हणाली. "बाराला म्हणजे अगदी बारालाच वाजवते?"

"अगदी. एक सेकंद इकडे तिकडे नाही."

"आणि समजा, बंद ठेवायची असली तर?"

"कप्प्याला कुलूप आहे. किल्ली फादरांकडे. आणि फादर रविवारी दुसऱ्या गावी." बाल्थासरने टोपी काढून आतलं अस्तर तपासलं. "मीपण विचारून बघितलं, ओटिली. सहजच."

"मीपण सहजच."

दोघं जरा वेळ वर, दोर काढून घेतलेल्या भोकाकडे बघत राहिली.

आता रविवारी साडेअकरा वाजता ती चौकात चहाच्या टेबलाशी उभी होती. धावणारे येत होते, लाल तोंडाचे, मिठाने पांढरे पडलेले. ती कप भरत होती आणि एक डोळा कोपऱ्यावर. लोरेंझ पाण्यातून शेवटचा निघाला होता. सायकलवरून उतरला तोही शेवटचा, पण हात हलवून गेला होता. पावणेबाराला चहा कपाबाहेर सांडला.

"राहू दे, मी ओतते," मार्गा म्हणाली आणि किटली तिच्या हातून काढून घेतली.

बाल्थासर टेबलाजवळ आला. आज त्याला कामच नव्हतं. हात कुठे ठेवावेत हे त्याला कळत नव्हतं.

"मी म्हणतो," तो खालच्या आवाजात बोलला, "मोटार नवी आहे. नव्या वस्तू पुढे चालतात."

"दहा मिनिटं पुढे चालू शकते?" ओटिलीने विचारलं.

"माझ्या मेहुण्याचं घड्याळ चालायचं."

"मग तसंच सांगू."

बाराला दोन मिनिटं असताना बँडवाल्यांनी कुणी न सांगता वाद्यं उचलली आणि गाल फुगवून सुरुवात केली. कोपरा रिकामा होता. मनोऱ्यात काहीतरी खट झालं, एक घरघर ऐकू आली, आणि घंटा वाजू लागली. स्वच्छ, ठाशीव, एकसारखी. बाल्थासरच्या हातून ती इतकी सुंदर कधीच वाजली नव्हती. वाद्यं एकेक करून गप्प झाली. सगळ्यात शेवटी बँडमधला मोठा पितळी भोंगा.

आता घरी जाऊन गोळे पाण्यात सोडायचे. कुणी हललं नाही.

"माझं पाणी उकळत असेल," मार्गा म्हणाली आणि बाकावर बसली.

पाच मिनिटं झाली. दहा. बंबवाल्यांचा प्रमुख शेवटच्या रेषेवरची फीत गुंडाळायला गेला आणि अर्धी गुंडाळून तसाच उभा राहिला. पंधरा मिनिटं झाली तेव्हा ओटिली टेबल सोडून कोपऱ्याकडे चालू लागली. आधी सावकाश, मग भराभर. तिच्यामागून बाल्थासर, त्याच्यामागून मार्गा. घंटेचं आणि पाटीचं तिच्या डोक्यातून केव्हाच गेलं होतं. शेतातला रस्ता लांब असतो, ऊन वर आलेलं असतं, आणि माणूस बहात्तरचा असतो.

तो कोपऱ्यावरून वळला. धावत नव्हता. हात मागे बांधून, रविवारी फिरायला निघाल्यासारखा रमतगमत येत होता. ओठ, हनुवटी आणि छातीवरचा कागदी नंबर लालभडक झाला होता.

"अगं बाई, रक्त!" मार्गा किंचाळली.

लोरेंझने हनुवटी पुसली, बोट पाहिलं आणि चाटलं.

"चेरी आहेत. तुझ्याच झाडाच्या."

"वाटेवरच्या? सगळ्या खाल्ल्यास?"

"पक्ष्यांना ठेवल्या थोड्या."

ओटिलीने त्याला खांद्यापासून मनगटापर्यंत चाचपून पाहिलं. अंग गरम होतं, ओलं होतं आणि अखंड होतं. मग तिला ठरलेलं आठवलं.

"घंटा पुढे आहे," ती घाईघाईने म्हणाली. "नवी मोटार. चांगली दहा मिनिटं पुढे."

"वीस," बाल्थासर म्हणाला. "वीस तरी."

लोरेंझने आधी बाल्थासरकडे पाहिलं, मग बायकोकडे. पाठीमागचा हात पुढे आणला, तिचा तळहात वर करून त्यात चेरी ओतल्या. देठांसकट, थोड्या चेंगरलेल्या.

"मी झाडाखाली पोचलो आणि दोन्ही घंटा झाल्या," तो म्हणाला. "शेतापलीकडच्या नॉइडॉर्फ गावची आणि आपली. एकदम. चार वर्षांत पहिल्यांदा. तिकडच्या लोकांना कधी उशीर होत नाही, ठाऊक आहे ना तुम्हाला. त्यांची वाजली की मी आपल्या घंटेची वाट बघायचो, ती वाजायचीच नाही. मग जीव खाऊन पळायचो. म्हटलं, गावाचे गोळे खोळंबलेत." त्याने एक बी गालातून काढून रस्त्याकडेला टाकली. "आज आपली वाजली. म्हटलं चला, सुटलो. या झाडाखालून एकतीस वर्षं पळालो, पण चेरी कशा लागतात ते काही माहीत नव्हतं."

बाल्थासरने टोपी काढली आणि पुन्हा घातली. मार्गा जमिनीकडे बघत होती. चौकातून कुणीतरी भोंग्यात एक छोटासा सूर काढला आणि लगेच आवरला.

ओटिलीने तळहातावरची एक चेरी उचलली. खाल्ली नाही. चार वर्षं जे विचारायची तिला भीती वाटत होती ते तिच्या तोंडून फार बारीक आवाजात निघालं.

"आणि सायकल? विकायची शपथ घेतली होतीस."

"शपथ तर मी चार वर्षांपूर्वीच मोडली, ओटिली," लोरेंझ म्हणाला. "तेव्हापासून मी वेळेत येत नाही, आणि सायकल घरीच आहे. हळू झालोय, बहिरा नाही झालो."