कमरेची किल्ली

दीपाने किल्लीला बोट लावलं आणि झोपलेल्या कलाबाईंचा हात झपकन कमरेवर आला.

"थांबा!" गोरक्षने संहिता खुर्चीवर आपटली. "मावशी, तुम्ही दारू पिऊन मेल्यासारख्या झोपला आहात. दीपा किल्ली काढते, दार उघडते, घर पेटवते. तुम्हीच जाग्या झालात तर माझी आग लागणार कशी?"

"डोळे मिटलेलेच हायेत, सर. हातच ऐकत न्हाई."

सगळे हसले. कलाबाई हसल्या नाहीत.

हे नाटक गोरक्षने एका जुन्या इंग्रजी कादंबरीवरून बेतलं होतं. श्रीमंत मालक, त्याच्या प्रेमात पडलेली गरीब शिक्षिका आणि माडीवर कोंडून ठेवलेली त्याची पहिली, वेडी बायको. दीपा ती बायको होती, कलाबाई तिची राखणदारीण. कादंबरीत काय, सिनेमात काय, त्या राखणदारिणीकडे कोणी ढुंकून पाहत नाही. गोरक्षनेही फारसं पाहिलं नव्हतं. त्याच्या आईच्या सेवेला येणाऱ्या या आयाबाई अंगाने दणकट, म्हणून त्याने त्यांना हरभऱ्याच्या झाडावर चढवून थेट नगरच्या रंगमंचावर आणलं होतं.

नेवाशाजवळच्या मळ्यात कलाबाईंनी सात वर्षं खरी किल्ली कमरेला बाळगली होती, हे तिथे कोणालाच ठाऊक नव्हतं. थोरली जाऊ बनुबाई बाळंतपणानंतर एकटीच बडबडायला लागली. सासऱ्यांनी तिला मागच्या खोलीत कोंडलं आणि किल्ली धाकट्या सुनेकडे दिली. बनुबाई त्या खोलीतच वारली. तिची मुलगी अश्विनी काकूचा पदर धरून म्हणायची, "कुलूप काढ ना." आता ती नगरलाच बँकेत होती आणि तीस वर्षांत काकूशी एक शब्द बोलली नव्हती. पेपरात नाटकाचा फोटो आला आणि काल कलाबाईंच्या मोबाईलवर तिचा एका ओळीचा निरोप आला: 'उद्या बघायला येतेय.'

कमरेला किल्ली लावलेली काकू पुतणी पुन्हा बघणार होती, आणि तीही तिकीट काढून. नाटक सोडावं असं सकाळपासून दहादा मनात आलं. पण पळून गेलेली काकू तिला दिसावी, हे त्याहून वाईट वाटलं.

संध्याकाळी प्रयोग रंगला. अश्विनी पाचव्या रांगेत, कडेला बसली होती. कलाबाईंनी बाटली तोंडाला लावली, आडव्या झाल्या, घोरल्या. दीपा पाय न वाजवता आली. तिने किल्लीला बोट लावलं.

हात आलाच. विंगेत गोरक्षने कपाळ धरलं.

त्या हाताने कमरेची किल्ली सोडवली. कलाबाई उठून बसल्या. त्यांनी दीपाचा तळवा ओढला, त्यावर किल्ली ठेवली, तिची मूठ मिटवली आणि दारासमोरून बाजूला झाल्या.

इथे दीपाने भेसूर हसायचं होतं. तिला हसू येईना. तिने केस मागे सारले, कुलूप काढलं आणि घरातल्या कुठल्याही बाईसारखी बाहेर गेली. पुढे आग ठरल्या वेळी लागली, पण ती कोणा वेड्या बाईने लावली असं कोणाला वाटलं नाही.

"पार वाटोळं केलंत नाटकाचं!" पडदा पडताच गोरक्ष मेकअपच्या खोलीत ओरडत आला. मग दारात उभी राहिलेली अनोळखी बाई आणि कलाबाईंचा उतरलेला चेहरा पाहून आल्या पावली मागे फिरला.

अश्विनी आत आली.

"तेव्हा का नाही दिलीस?"

कलाबाईंनी तीस वर्षं उत्तरं घोकून ठेवली होती. सासऱ्यांचा धाक, नवऱ्याचा मार. सगळी खरीच होती. त्यातलं एकही त्यांनी दिलं नाही.

"भ्या वाटायचं."

"आईचं?"

"न्हाई." त्यांनी ओठ पुसले. "कुलूप काढलं आन् ती चांगली शहाणीसुरती निघाली तर, ह्याचं."

अश्विनीने एक खुर्ची पुढे ओढली.

"पहिल्या दिवसापासून सांग, काकू."